अरीथा फ्रँकलिन ऐकायची बैठक घरी कशी जमवावी

गेल्या तीन वर्षांत मी आमच्या घरी अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या गाण्यांच्या चार बैठका केल्या. पहिली फसली. इंटरनेटवरची 'सर्वोत्तम वीस' अशी एक तयार यादी मी जशीच्या तशी लावली होती आणि पाचव्या गाण्यापर्यंत माणसं आपापसात बोलायला लागली. दोष त्यांचा नव्हता. त्या वीसपैकी बहुतेक गाणी १९६७-६८ मधली, एकाच चढ्या जोमाची. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा ताटात वाढावा तसं झालं.

दुसऱ्या बैठकीला मी क्रम बदलला. तिसरीला आत्याला बोलावलं. आत्या चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. इंग्रजी गाणी तिनं कधी मुद्दाम ऐकलेली नाहीत. पहिलंच गाणं चालू असताना तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पेटी हीच वाजवतेय ना गं?"

"पियानो आहे आत्या. पण हो, तीच वाजवतेय."

"वाटलंच. दुसऱ्याच्या हातात पेटी असती तर हिला इतकं मोकळं सुटता आलं नसतं."

चौथी बैठक मी या एका वाक्यावर बांधली आणि तीच सगळ्यात जमली. अरीथाचा आवाका मोठा, हे सगळेच सांगतात: गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), ब्लूज, जॅझ, सोल, फंक, पॉप, एकदा तर इटालियन ऑपेरासुद्धा. पण नुसती प्रकारांची यादी वाचून दाखवली तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. लहानपणी चर्चमध्ये पियानोशी बसून घडलेला हा एकच गळा आहे, आणि तो जिथे जिथे गेला तिथे ते चर्च बरोबर घेऊन गेला. बैठकीचा क्रम असा लावायचा की हे तुम्हाला बोलून दाखवावं लागू नये, समोरच्याला आपोआप ऐकू यावं. तो क्रम कसा लावायचा आणि मी जिथे अडखळले तिथे तुम्ही कसं अडखळणार नाही, ते खाली पायरीपायरीनं सांगते.

काय काय लागेल

- सहा ते दहा माणसं आणि साधारण अडीच तास. गाणी सव्वा तासाची, बाकी बोलणं आणि चहा.
- डावा-उजवा असे दोन वेगळे स्पीकर. फोनचा स्पीकर चालणार नाही. एकुलत्या एक ब्लूटूथ डब्यावर काम भागतं, पण गाण्यात मागे साथीला गाणाऱ्या बायकांचे आवाज त्यात एकमेकांत मिसळून जातात.
- गाणी आधीच उतरवून घेतलेला फोन किंवा लॅपटॉप. बैठकीच्या वेळी त्याचं इंटरनेट बंद.
- एका चित्रफितीपुरता टीव्ही किंवा मोठा पडदा.
- प्रत्येकासाठी एक कागद: गाण्याचं नाव, साल आणि 'गाण्यात काय चाललंय' याच्या मराठीत दोन ओळी.

आणखी एक गोष्ट. हे सगळं घरच्या बैठकीपुरतं आहे. सभागृह घेऊन, तिकीट लावून किंवा हॉटेलात हेच करायचं असेल तर ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला परवाना लागतो. त्याची चौकशी तारीख ठरवण्याआधी करा.

पायरी १ : तिची गोष्ट थोडक्यात सांगायची तयारी करा

यजमानाला निदान एवढं तोंडपाठ हवं. जन्म २५ मार्च १९४२, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात. बालपण डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन हे तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांची प्रवचनं इतकी गाजलेली की त्यांच्या रेकॉर्डी निघत. आई बार्बरा स्वतः गायची, पियानो वाजवायची. आईवडील वेगळे झाले आणि अरीथाचा दहावा वाढदिवस व्हायच्या आत आई वारली. घरी येणारी-जाणारी माणसं म्हणजे महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलँड. गॉस्पेलमधली त्या काळची ही सगळ्यात मोठी नावं. पियानो ती कानानं शिकली.

'सोल म्हणजे काय' हे कुणीतरी विचारणारच. माझं उत्तर साधं असतं: चर्चमधली गायकी, तिची हाक, तिचा हुंकार, तिची लय तशीच ठेवून शब्द मात्र प्रेमाचे, भांडणाचे, घरादाराचे. देवाला मारायची हाक माणसाला मारली, की सोल.

यापलीकडे चरित्र सांगत बसू नका. तिच्या आयुष्यात दुःखं पुष्कळ होती आणि ती त्याबद्दल फारसं बोलत नसे. दुसऱ्या बैठकीत मी ते सगळं सांगितलं, आणि लोक पुढच्या प्रत्येक गाण्यात तिचा नवरा शोधत बसले. गाणं मागे राहिलं.

पायरी २ : नेमकं ध्वनिमुद्रण शोधा

बहुतेकांची गल्लत इथेच होते. तिचं कुठलंही गाणं शोधलं की एकाच नावाची आठ-दहा ध्वनिमुद्रणं समोर येतात आणि पहिलं दिसेल ते दाबलं जातं. तीन गोष्टी तपासा.

पहिली, अल्बमचं नाव आणि साल. नुसतं गाण्याचं नाव पुरत नाही.

दुसरी, २०१७ साली 'अ ब्रँड न्यू मी' नावाचा एक अल्बम निघाला. त्यात तिचा जुना आवाज तसाच ठेवून त्यावर रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा नव्यानं चढवला आहे. वाईट नाही तो, पण आपल्या बैठकीसाठी निरुपयोगी. मूळ गाण्यात तिचा गळा आणि वाद्यं एकमेकांना जागा देत पुढे जातात. नंतर चढवलेल्या व्हायोलिनांना ते जमणार कसं? माझ्या पहिल्या यादीत यातली दोन गाणी घुसली होती आणि मला पत्ताच नव्हता.

तिसरी, 'अमेझिंग ग्रेस'. १९७२ चा मूळ दोन तबकड्यांचा अल्बम वेगळा आणि दोन्ही रात्रींचं संपूर्ण ध्वनिमुद्रण म्हणून १९९९ मध्ये आलेला संच वेगळा. नवख्यांसाठी मूळ अल्बम घ्या.

गाणी उतरवून झाली की ॲपमधली गाण्यावर गाणं सरकवणारी सोय बंद करा, तिला क्रॉसफेड म्हणतात. उलटसुलट क्रम लावणारी सोयही बंद. यादी संपली की आपणहून पुढचं काहीतरी लावणारी सोय तर आठवणीनं बंद करा. का ते शेवटी सांगते.

पायरी ३ : आदल्या दिवशी खोलीत ऐकून बघा

स्पीकर भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे घ्या. नाहीतर जाड सूर घुमतात आणि पियानो गढूळ ऐकू येतो. मग १९६८ चं 'एन्ट नो वे' लावा. अरीथाच्या आवाजाच्या वर, खूप वर, एक बारीक आवाज तरंगताना ऐकू आला पाहिजे. त्या सिसी ह्यूस्टन. तो आवाज वेगळा, स्वच्छ ऐकू आला तर मांडणी जमली. नाही आला तर स्पीकर हलवत राहा. माझा अर्धा तास यात गेला होता, पण बैठकीतला निम्मा आनंद त्या अर्ध्या तासावर उभा होता.

पायरी ४ : सुरुवात चौदा वर्षांच्या मुलीपासून

ओळख करून देऊ नका, साल सांगू नका. दिवे कमी करा आणि 'नेव्हर ग्रो ओल्ड' लावा. १९५६ मधलं, वडिलांच्या चर्चमध्ये टिपलेलं. गाणारी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि पियानोही तीच वाजवतेय.

आवाज जरा खरखरीत, ध्वनिमुद्रण जुनं. पण कान देऊन ऐका: ती एक ओळ गाते, पियानोवर तिला उत्तर देते आणि मगच पुढची ओळ उचलते. मध्येच समोर बसलेली माणसं ओरडतात, हुंकार देतात आणि त्यांच्या हुंकारावर ती पुढची तान बेतते. कीर्तनात बुवा एक चरण सोडतात, मागचे टाळकरी तो धरतात आणि बुवा पुन्हा वर उसळतात, तसंच हे चालतं. आत्यानं ओळखलं ते इथेच.

गाणं संपल्यावर मगच वय सांगा. खोलीत एक क्षण कुणी बोलत नाही, आणि त्याच क्षणी बैठक खऱ्या अर्थानं सुरू होते.

पायरी ५ : जॅझचा काळ गाळू नका

१९६० मध्ये जॉन हॅमंड यांनी तिला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आणलं. पुढची सहा वर्षं कंपनीनं तिला जॅझ, ब्लूज, नाटकांतली जुनी गाणी, वाद्यवृंदावरची गोड गाणी असं सगळं गायला लावलं. 'हा काळ वाया गेला' असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. विश्वास ठेवू नका. तिचा आवाका खरं तर इथेच रुंदावला.

दोन गाणी पुरतात. आधी 'टुडे आय सिंग द ब्लूज', कोलंबियातलं अगदी सुरुवातीचं. अठरा वर्षांची मुलगी रे ब्रायंट यांच्या वादकांबरोबर ब्लूज गाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी चर्च डोकावतं. मग १९६३ चं 'स्कायलार्क'. हे मऊ, संथ, सभ्य गाणं. पहिला भाग ती अगदी सरळ गाते, तुम्हाला वाटतं बरं चाललंय. आणि पुढे तेच शब्द पुन्हा येतात तेव्हा ती एकदम वरच्या सप्तकात झेप घेते. ती जागा यायच्या आधी कुणाला सांगू नका. फक्त चेहरे बघा.

पायरी ६ : १९६७ साठी वेळ राखून ठेवा

इथे मी सगळ्यात जास्त बोलते, कारण इथली गोष्ट माहीत असली की गाणं वेगळंच ऐकू येतं.

अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी तिला आपल्याकडे घेतलं आणि जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स या लहानशा गावातल्या फेम स्टुडिओत नेलं. वादक तिथलेच, गोरे तरुण. वेक्सलर यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट एवढीच की त्यांनी तिला पियानोवर बसवलं. सुरुवातीला काही जमेना, गाण्याची चाल पकडीत येईना. मग स्पूनर ओल्डहॅम या वादकाला इलेक्ट्रिक पियानोवर एक लंगडत चालणारा, आळसावलेला तुकडा सापडला. बाकीचे त्यात शिरले आणि 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' त्या दिवशी तयार झालं. त्याच रात्री भांडणं झाली, काम मोडलं आणि अरीथा निघून गेली. वेक्सलर यांच्या हातात एक पूर्ण गाणं आणि एक अर्धं. दुसरं, 'डू राइट वुमन', नंतर न्यूयॉर्कमध्ये पुरं केलं. त्यात अरीथानं पियानो वाजवला आणि मागे बहिणींना घेऊन गायली.

आधी 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' लावा. लोकांना सांगा, तो लंगडा तुकडा ऐका आणि मग तिचा पियानो त्यात कुठून शिरतो ते ऐका.

मग 'रिस्पेक्ट'. पण त्याआधी ओटिस रेडिंगचं १९६५ चं मूळ गाणं मिनिटभर ऐकवा. हे न चुकता करा. मूळ गाण्यात दमून-भागून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतोय. अरीथानं १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये तेच गाणं गायलं, शब्द बरेचसे तेच, आणि मागणारी बाई झाली. 'रिस्पेक्ट' हा शब्द अक्षर अक्षर सुटं करून म्हणायची जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच, ती इथली. मागे उत्तरं देणाऱ्या आवाजांत तिच्या सख्ख्या बहिणी आहेत, कॅरोलिन आणि अर्मा. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. मध्ये किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन येतो तिथे गाणं मूळ पट्टी सोडून भलतीकडेच उडी मारतं आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या काळ्या माणसांनी आणि हक्क मागणाऱ्या बायकांनी ते आपलं मानलं.

तिसरं 'चेन ऑफ फूल्स'. सगळं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडीवर, उभं आहे. आपल्याकडे हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तंबोऱ्याच्या एका षड्जावर तासभर गाणारी माणसं ऐकत आपण वाढलो. पण जिथे दर दोन ओळींना कॉर्ड बदलायची सवय आहे तिथे हे करणं धाडसाचं होतं. गाणं रटाळ होत नाही, कारण हलणारी एकच गोष्ट आहे, तिचा गळा.

पायरी ७ : आता आवाज खाली आणा

तीन जोरदार गाण्यांनंतर चौथं जोरदार लावायचा मोह होतो. माझी पहिली बैठक याच मोहानं फसवली. इथून पुढची तीन गाणी हळुवार हवीत.

'आय से अ लिटल प्रेयर', १९६८. बर्ट बॅकरॅक यांची चाल, हाल डेव्हिड यांचे शब्द. डिऑन वॉरविक यांनी ते आधी गायलं होतं. अरीथानं काय केलं बघा: धृपद स्वतः म्हणतच नाही. ते मागच्या बायका म्हणतात, स्वीट इन्स्पिरेशन्स नावाच्या, आणि ती त्यांच्याभोवती फिरत राहते, मध्येच एखादा शब्द टाकते, मध्येच गप्प बसते. मुख्य गायिकेनं मागे सरकून गाणं मोठं करावं, हे मला या गाण्यानं शिकवलं.

मग 'एन्ट नो वे', स्पीकर लावताना ऐकलं तेच. कॅरोलिननं लिहिलेलं. धाकट्या बहिणीनं लिहावं आणि मोठीनं ते असं गावं! सिसी ह्यूस्टन यांचा तो बारीक आवाज वरून जाताना खोलीतलं कुणीतरी हमखास छताकडे बघतं. (पुढे गाजलेली व्हिटनी ही यांचीच मुलगी.)

तिसरं 'डे ड्रीमिंग', १९७२ च्या 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक' अल्बममधलं, तिनं स्वतः लिहिलेलं. ह्युबर्ट लॉज यांची बासरी, डॉनी हॅथवे यांचा इलेक्ट्रिक पियानो. दुपारच्या झोपेतून उठल्यावर डोळ्यांसमोर जे तरळतं ते असं ऐकू येत असावं.

यानंतर चहा. आत्तापर्यंत साधारण सव्वा तास झालेला असेल. चहाच्या वेळी दुसरं काहीही लावू नका, अगदी हळू आवाजातसुद्धा नाही. कानांना विश्रांती लागते.

पायरी ८ : लोकांना हलू द्या

'रॉक स्टेडी' त्याच अल्बममधलं. ढोलावर बर्नार्ड पर्डी, बेस गिटारवर चक रेनी. यात सांगायचं काही नाही. सतरंजी बाजूला सारून जागा करा.

मग फिलमोर वेस्ट. मार्च १९७१, सॅन फ्रान्सिस्को. हे रॉक ऐकणाऱ्या तरुण, बहुतांशी गोऱ्या पोरांचं सभागृह. तिथे चालेल की नाही, अशी धाकधूक होती. ती तिथे जाऊन सरळ चर्च भरवते. त्या अल्बममधलं 'डॉक्टर फीलगुड' लावा, पलंगावरच्या प्रेमाचं गाणं, आणि शेवटाकडे ती ते प्रार्थनेच्या सुरात कशी वळवते ते ऐका. वेळ असेल तर 'स्पिरिट इन द डार्क'चा तो भागही लावा ज्यात तिनं प्रेक्षकांत बसलेल्या रे चार्ल्स यांना वर ओढून आणलं. ते ठरलेलं नव्हतं, हे ऐकतानाच कळतं.

१९८५ चं 'फ्रीवे ऑफ लव्ह' मी एकदा घेतलं, एकदा गाळलं. त्या काळच्या यंत्रांचा आवाज आज जरा जुनाट वाटतो, पण चाळिशी ओलांडलेली बाई पोराटोरांच्या नाचगाण्यात उतरते आणि तिथेही तीच पुढे असते, हे कळायला ते बरं. १९८७ मध्ये जॉर्ज मायकेलबरोबर गायलेलं तिचं 'आय न्यू यू वेअर वेटिंग' पहिल्या क्रमांकावर गेलं, 'रिस्पेक्ट'नंतर बरोबर वीस वर्षांनी. बैठकीत तरुण मंडळी जास्त असतील तर यातलं एक घ्या. नसतील तर पुढे चला.

पायरी ९ : ऑपेरा आणि एक चित्रफीत

२५ फेब्रुवारी १९९८, न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ. लुचियानो पावारोत्ती पुच्चीनीच्या 'तुरांदोत' ऑपेरातलं 'नेसुन दोर्मा' गाणार होते. घसा बिघडल्यामुळे ऐन वेळी त्यांचं गाणं रद्द झालं. दोनच दिवस आधी त्यांच्याच सन्मानाच्या कार्यक्रमात अरीथानं ते गायलं होतं, म्हणून तिला विचारलं. ती तयार झाली. वाद्यवृंदाची मांडणी पावारोत्तींच्या पट्टीत केलेली, ती बदलायला वेळ नव्हता. पंचावन्न वर्षांची बाई पुरुषाच्या पट्टीत, इटालियन शब्द घेऊन उभी राहिली.

इथे एक धोका आहे. शास्त्रशुद्ध ऑपेरा ऐकलेलं कुणी बैठकीत असेल तर 'हे बरोबर नाही' असं म्हणेल. म्हणू द्या. तिनं तिथे ऑपेराच्या गायिकेची नक्कल केलेली नाही. शेवटच्या चढणीवर ती स्वर फिरवते, वळवते, लोंबकळू देते आणि क्षणभर डेट्रॉइटचं चर्च त्या भरजरी सभागृहात उभं राहतं.

लगेच टीव्ही लावा: डिसेंबर २०१५, केनेडी सेंटरचा सन्मान सोहळा. सन्मान होता कॅरोल किंग यांचा. त्यांनी आणि जेरी गॉफिन यांनी लिहिलेलं 'अ नॅचरल वुमन' अरीथानं १९६७ मध्ये अजरामर केलं होतं. त्र्याहत्तर वर्षांची अरीथा लांब फरचा कोट घालून येते, सरळ पियानोवर जाऊन बसते आणि सुरू करते. कॅरोल किंग सज्जात डोक्याला हात लावून बसलेल्या दिसतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसतात. गाण्याच्या शेवटाकडे ती पियानो सोडून उठते, पुढे येते आणि कोट खांद्यांवरून खाली टाकते. आत्या इथे म्हणाली, "बघ, उठली. पेटी सोडली की माणूस उघड्यावर येतो. आता नुसता गळा."

पायरी १० : परत चर्चमध्ये

शेवट 'अमेझिंग ग्रेस'नं करा. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसचं न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. ती तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होती आणि दोन रात्री देवाची गाणी म्हणायला परत आली. सूत्रधार जेम्स क्लीव्हलँड, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर हा गायकवृंद. तिच्या आयुष्यात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच. त्या दोन्ही रात्री सिडनी पोलॅक यांनी चित्रितही केल्या, पण चित्र आणि आवाज जुळवायची खूण चित्रीकरणात केलेलीच नव्हती. त्यामुळे तो चित्रपट अडकून पडला आणि लोकांना दिसला तो २०१८ मध्ये, ती गेल्यानंतर. (१६ ऑगस्ट २०१८, डेट्रॉइट.)

आधी 'मेरी डोन्ट यू वीप'. कागदावर दोन ओळी लिहून ठेवा: मरीया आणि मार्था यांचा भाऊ लाजर मेला आहे, येशू उशिरा पोचतो, थडग्यासमोर उभा राहून त्याला हाक मारतो. अरीथा गाता गाता गोष्ट सांगायला लागते. लाजरला हाक मारते. एकदा. मागे क्वायर. पुन्हा मारते. तिसऱ्यांदा मारते तेव्हा त्या नावाच्या प्रत्येक अक्षराला जे होतं ते लिहून सांगता येणार नाही. कीर्तनात आख्यान रंगतं तेव्हा बुवा गाणं कधी थांबवतात आणि बोलणं कधी सुरू करतात हे कळत नाही, तेच इथे आहे. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या आत्यानं तिसऱ्या हाकेला हात जोडले.

आणि मग सगळ्यात शेवटी 'नेव्हर ग्रो ओल्ड'. तेच गाणं. चौदाव्या वर्षी वडिलांच्या चर्चमध्ये गायलेलं, आता एकोणतिसाव्या वर्षी. पुन्हा पियानोवर ती स्वतःच. दहा मिनिटांच्या आसपास चालतं. चित्रपट तुमच्याकडे असेल तर हे गाणं पडद्यावर बघा: पहिल्या रांगेतले वडील उठून येतात आणि ती गात असताना, वाजवत असताना, रुमालानं तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. तिचे हात पियानोवरून उठत नाहीत.

गाणं संपलं की काही बोलू नका. दिवेही लगेच लावू नका. पायरी २ मधली ती सोय बंद ठेवायची ती याचसाठी: दुसऱ्या बैठकीत या गाण्यानंतर ॲपनं तिसऱ्याच कुणाचं नाचाचं गाणं सुरू केलं होतं आणि मी रिमोट शोधेपर्यंत सगळं विस्कटलं.

यादीत यानंतर एकच गोष्ट जोडून ठेवा, पण ती आपणहून सुरू होणार नाही अशी ठेवा: पुन्हा एकदा १९५६ चं ध्वनिमुद्रण. चौथ्या बैठकीत आत्या आणि तिच्या मंडळातल्या दोघी चपला शोधत दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून आत्या परत फिरली आणि म्हणाली, "ते पोरीचं पहिलं लाव गं परत." तिघी पुन्हा खाली बसल्या.